अडतीस नंबरची बारी

असे अनुभव छापून आले की खाली खवचट कमेंट टाकणारे जे दोन-तीन लोक असतात ना, त्यातला एक मी. "वायरिंग तपासून घ्या." "जेवून झोपत जा." "फोटो बरा नाही काढला!" ...हे सगळं मी लिहिलेलं आहे. वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. माझ्या धंद्यात भुताचं दुसरं नाव सैल केबल. आज माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे आणि खाली कोण काय लिहिणार तेही मला ठाऊक आहे. लिहा खुशाल. त्यातलं एखादं बरोबर निघालं तर माझ्यावर उपकारच होतील.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, निरगुडसरपासून जवळ. नाव सांगत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. मंचरला माझं दुकान आहे. कॉम्प्युटर, प्रिंटर, आणि हल्ली बिबट्यामुळे गोठ्यांना कॅमेरे बसवून देणं. पूर्वी मी शूटिंग करायचो. लग्नं, साखरपुडे, आणि यात्रेतल्या बैलगाडा शर्यती. शर्यतींवर बंदी आली त्याच्या आधीची ही गोष्ट.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे गाडे एकत्र पळत नाहीत, एकामागून एक, एकेकटे पळतात. घाट म्हणजे चढाची धावपट्टी. पुढे घोडी, मागे बैल, आणि वर घड्याळ लावून बसलेली माणसं. एका गाड्याची एक दौड म्हणजे एक बारी. बारा-तेरा सेकंदांत खेळ खलास. आणि दिवसभर माईकवर एक माणूस बोलत असतो... कुणाचा गाडा सुटला, किती सेकंद लागले, पाण्याचा टँकर कुठे उभा आहे, कुणाची किल्ली सापडली, सगळं. आमच्या गावात तो माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा.

दादा काविळीने गेला, आठ दिवसांत. वहिनींना तेव्हा पाचवा महिना होता. श्रेया त्यानंतर जन्मली. आता ती आठवीत आहे. या वर्षी मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर ती दुकानात आली आणि स्टुलावर बसून सरळ विचारलं, "काका, पप्पांचा आवाज कसा होता?"

मी म्हटलं, दादा बोलताना शेवटचा शब्द जरा ओढायचा, घसा थोडा खरखरीत होता. ती म्हणाली, "सांगू नका. ऐकवा."

ऐकवायला काही नव्हतं. दादाचा मोबाईल बटणांचा होता, तो केव्हाच गेला. त्याच्या लग्नाचं शूटिंग मीच केलेलं, पण लग्नाच्या व्हिडिओत सगळीकडे गाणी. मंगलाष्टकांवरसुद्धा मी बासरी टाकून ठेवलेली. आणि बैलगाड्याच्या व्हिडिओचा तर आमच्याकडे नियमच आहे. बारी दाखवायची, मागेपुढे कापायचं आणि वर दणदणीत गाणं लावायचं. घाटातला मूळ आवाज कुणालाही नको असतो. तेव्हा दादाचा आवाज काळाने वगैरे नेलेला नाही. तो मी पुसला. माझ्या हाताने, एक बटण दाबून, त्याच्या शेवटच्या एकाच यात्रेत जवळजवळ एकशे ऐंशी वेळा.

फक्त एक बारी राहिली होती. एकशे तेरा नंबरची. त्या बारीच्या सेकंदांवरून वाद झाला होता, म्हणून यात्रा कमिटीने मला बजावलं होतं की हिला हात लावायचा नाही, आहे तशी ठेवायची. नऊ मिनिटांची फाईल, मूळ आवाजासकट. माझ्या आठवणीप्रमाणे दादा त्यात बराच वेळ माईकवर बोलत होता, वाद मिटवत होता.

त्या वर्षी मला नवीनच टोरंटचं वेड लागलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... मोठं फोल्डर असं वाटायचं की ज्यांच्याकडे ते आहे ते आपापल्या मशीनवरून तुकडे देत राहतात आणि ज्याला हवं तो घेत राहतो. पूर्ण फोल्डर ज्याच्याकडे असतं आणि जो देत बसतो तो सीड. मी अख्ख्या यात्रेचं टोरंट केलं, एकशे ऐंशी फाईली, आणि मोठ्या रुबाबात चौघांत वाटलं. मी, दादा, मुंबईचा मावसभाऊ आणि जुन्नरचे सलीमभाई. माझी हार्ड डिस्क पुढच्याच वर्षी मेली. मावसभावाने सगळं उडवून टाकलं. सलीमभाईंनी मशीन फॉरमॅट केली. दादाचा सीपीयू वहिनींनी भंगारवाल्याला दिला, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यात काय आहे हे मीच त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

माझ्या जुन्या ईमेलमध्ये ती छोटी टोरंट फाईल मात्र सापडली. तिच्यात व्हिडिओ नसतात, नुसती यादी असते... कोणती फाईल, किती मोठी, कोणते तुकडे. मेलेल्या माणसाच्या पत्त्यासारखी गोष्ट. तरी मी ती दुकानातल्या मशीनवर टाकली. सीड शून्य. एप्रिलमध्ये मी ते विसरूनही गेलो.

मेच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमाराला मी डबा खाऊन बसलो होतो आणि सहज स्क्रीनकडे बघितलं. सीड एक. शंभर टक्के! अख्खं फोल्डर कुणाकडे तरी होतं. स्पीड अगदी बेताचा, पण येत होतं. अकरा मिनिटांत तो गेला.

वहिनींना मी त्याच दिवशी सांगितलं. त्या भाकऱ्या थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, पोरीला उगा आस लावू नगा. मला तो आवाज इसरायला लई वर्सं लागली." पण श्रेयाने ऐकलं होतं. जूनमध्ये ती पुण्याला हॉस्टेलला जाणार होती. म्हणाली, "जायच्या आधी होईल ना?" मी होईल म्हणून बसलो. जीभ अशी सैल सुटते माझी.

आता सगळं फोल्डर घ्यायचं तर त्या स्पीडने वर्ष गेलं असतं. म्हणून मी फाईलींची प्रायॉरिटी लावली. यात काही विद्या नाही. सगळ्या फाईली निवडायच्या, राईट क्लिक, 'डाऊनलोड करू नका'. मग एकशे तेरा नंबरवर राईट क्लिक, 'हाय', म्हणजे ही सगळ्यात आधी. आता जे काही येईल ते त्या एकाच फाईलचं यायला हवं. फार तर आजूबाजूच्या फाईलीचा थोडा भाग येतो, कारण एखादा तुकडा दोन फाईलींत अर्धाअर्धा असतो. एकशे बारा किंवा एकशे चौदा थोडी आली असती तर मी काहीच म्हटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता सीड आला, वीसेक मिनिटं राहिला, गेला. बघतो तर एकशे तेरा शून्य टक्के आणि अडतीस नंबर सात टक्के. प्रायॉरिटी बघितली. एकशे तेरावर 'डाऊनलोड करू नका', अडतीसवर 'हाय'.

माझीच चूक. घाईत चुकीची ओळ निवडली असणार. नीट केलं. तिसऱ्या दिवशी परत तेच. अडतीस अकरा टक्के.

मग मी रीतसर मागे लागलो. प्रोग्राम सेटिंग कुठे साठवतो ती फाईल उडवली आणि पुन्हा तपासणी लावली. प्रोग्रामच काढून दुसरा टाकला. अँटीव्हायरस दोनदा फिरवला. मशीन बदलली. सीड यायच्या पाच मिनिटं आधी मी सेटिंगचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचो (हो, मी फोटो काढला!) आणि तो गेल्यावर परत काढायचो. आधीच्या फोटोत एकशे तेरा 'हाय'. नंतरच्या फोटोत अडतीस. मध्ये गिऱ्हाईक आलेलं असायचं, फोन आलेला असायचा, एकदा मी नुसता शिंकलो होतो. त्या तेवढ्यात. सीड कुठून येतो तेही शोधलं. इंटरनेटवरचा पत्ता मोबाईल कंपनीचा, रोज वेगळा. त्यातून काही कळत नाही.

रोज संध्याकाळी श्रेया फोन करायची. मी म्हणायचो, थोडं राहिलंय. काहीही झालेलं नव्हतं.

शेवटी मशीन उचलून जुन्नरला सलीमभाईंकडे गेलो. त्यांचं दुकान बाजारपेठेत, माईक-स्पीकर भाड्याने देण्याचं आणि दुरुस्तीचं. मला ही लाईन त्यांनीच शिकवली. सगळं ऐकून म्हणाले, "राव, तू दमलायस. तुजं क्लिक चुकीच्या वळीवर बसतंय, बाकी काय न्हाय." मग स्वतःच्या हाताने त्यांच्या कोऱ्या मशीनवर सगळं नवं टाकलं. एकशे तेराला 'मॅक्झिमम' लावलं. माऊस काढला. कीबोर्डची वायर काढली. म्हणाले, "आता बदलू दे कोण बदलतो ते."

आम्ही दोघं हाताची घडी घालून बसलो. चहा आला, तो तसाच राहिला. तीन वाजून पाच-सहा मिनिटांनी सीड आला. आणि आमच्या डोळ्यांसमोर एकशे तेराच्या ओळीतलं 'मॅक्झिमम' गेलं आणि तिथे 'डाऊनलोड करू नका' आलं. यादी आपोआप वर सरकली. अडतीसवर थांबली. 'हाय'.

सलीमभाईंनी कीबोर्डची सुटी वायर हातात धरून बघितली. मग म्हणाले, "समोरचा हे करू शकत न्हाय, राव. त्येच्या हातात निस्तं देणं असतंय. मागायचं काय, ते आपल्याच मशीनवर ठरतं."

"मला माहितीये," मी म्हटलं.

"एकशे तेरा म्हंजी ती वादाचीच बारी ना? त्यात दादा बोलतो, असं तुला कुनी सांगितलं?"

"मीच शूट केलंय सलीमभाई. वाद मिटवत होता तो."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "इसरलास व्हय रं? त्याला बोलू कुठं दिलं? माईक हिसकला त्याच्या हातातून. चार जण वर चढले. एकानं कानफाडात मारली, सगळ्या पब्लिकसमोर. स्पीकर माजे व्हते, मी हुबा व्हतो तिथं. तू बी व्हतास. कॅमेरा धरून."

मला आठवलं. म्हणजे विसरलो कधीच नव्हतो बहुतेक, नुसतं नीट मांडून ठेवलं होतं. कॅमेऱ्याच्या भिंगातून मी ते बघितलं होतं. दादाने गाल धरून इकडेतिकडे बघितलं होतं, मला शोधत. आणि मी कॅमेरा खाली ठेवला नाही. कमिटीने सांगितलं होतं ना, बारी आहे तशी ठेवायची! घरी आल्यावर दादा एक अक्षर बोलला नाही आणि मीही नाही. तीन महिन्यांनी तो गेला. या गोष्टीची मला जेवढी लाज वाटते तेवढी आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटत नाही. आणि हेच मी त्याच्या पोरीला ऐकवायला निघालो होतो.

मशीन परत दुकानात आणली. आता काय करायचं ते मला कळेना. एकशे तेराला हात लावायची हिंमत नव्हती, आणि अडतीसमध्ये काय असणार? एक बारी, वर एक गाणं. मी ती यादी उघडून नुसता बसून राहायचो. सीड आठ-नऊ दिवस फिरकलाच नाही. श्रेयाच्या बॅगा भरायला सुरुवात झाली होती. वहिनी दोन दिवस माहेरी, आणे गावाला, तिला सगळ्यांना भेटवून आणायला गेल्या. मी मनात म्हणत होतो, येऊच नको बाबा आता. दुसऱ्या क्षणाला म्हणत होतो, ये, काहीही दे.

श्रेया जायच्या दोन दिवस आधी, दुपारीच, सीड आला. मी कशालाही हात लावला नाही. अडतीस भराभर भरत गेली. असा स्पीड आधी कधी मिळाला नव्हता. पाऊण तासात शंभर टक्के. एकशे तेरा शून्य.

तेव्हा कुठे माझं लक्ष साईझकडे गेलं. महिनाभर त्या यादीत डोकं घालून बसलेला मी शहाणा... एकशे तेरा सोडली तर अडतीस नंबर बाकीच्या फाईलींच्या तिप्पट मोठी होती. म्हणजे कापलेली नव्हती. तिच्यावर गाणं टाकायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. का राहिलं, मला आठवत नाही. आणि टोरंटमध्ये एक गोष्ट पक्की असते. आलेला तुकडा मूळ तुकड्याशी ताडून बघितल्याशिवाय प्रोग्राम तो घेतच नाही. म्हणजे जे आलं ते माझंच होतं, मी त्या वर्षी ठेवलेलं, जसंच्या तसं.

आधी एकट्याने ऐकायला हवं होतं. धीर झाला नाही. फोन करून दोघींना बोलावून घेतलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि लावलं.

बारी झाली. गाडा वर गेला, धूळ उडाली, बारा सेकंद काहीतरी. मग कॅमेरा खाली ठेवलेला दिसतो, मी पाणी प्यायला गेलो असणार. चित्रात मांडवाची कड आणि आभाळ. आणि दादाचा आवाज.

"ऐका... ऐका मंडळी. ल्हान पोरगी घावलीया. पिवळा फ्रॉक हाय. नाव सांगंना, निस्ती रडतीया. ज्येंची आसंल त्येंनी स्टेजपाशी यावं."

मग जरा थांबून, माईक तोंडापासून दूर धरायचा विसरून, अगदी हळू...

"रडू नगं बाळा. पप्पा येत्यात तुजं. येईस्तवर मी हाय हितंच. कुठं जात न्हाई. पानी पिती का?... बरं, नगं तर नगं. ये, बस हितं मांडीवर."

मुलीचा एक हुंदका ऐकू येतो. फाईल संपते.

वहिनी पदर तोंडात कोंबून शटरखालून बाहेर गेल्या आणि पायरीवर बसल्या. माझं काय झालं ते सांगत नाही. श्रेया मात्र रडली नाही. तिने परत लावायला सांगितलं. मग परत. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं.

"त्या मुलीचे पप्पा आले का, काका?"

"आले असतील की."

"असतील नको. आले का?"

मी म्हटलं, पुढच्या फाईलीत असेल. ती म्हणाली, "मग ती लावा." मी एकोणचाळीस नंबरवर राईट क्लिक केलं, 'हाय' लावलं आणि आम्ही दोघं बघत बसलो. सीड शून्य. तो अडतीस देऊनच गेला होता.

त्यानंतर तो आलेला नाही. दुकानातली ती मशीन मी बंद करत नाही, लाईट जाते म्हणून तिला वेगळा इन्व्हर्टर बसवलाय. एकोणचाळीसवर 'हाय' आहे आणि ते आता कुणीही बदलत नाही. कोण होता तो, चौघांच्या चारही प्रती गेल्यावर त्याच्याकडे अख्खं फोल्डर कसं, वायर काढलेल्या मशीनवर ओळ कशी सरकली... मला काहीही सांगता येत नाही. सलीमभाईंनाही नाही. गावात जुन्या लोकांना विचारलं, पिवळ्या फ्रॉकची मुलगी कुणाची होती? यात्रेत दर साली दहा पोरं हरवतात, कोण लक्षात ठेवतं. तुमच्यापैकी कुणाकडे जुन्या हार्ड डिस्कवर बाऱ्यांचं असं फोल्डर असलं, तर मेहरबानी करून मशीन चालू करून ठेवा. नुसती चालू ठेवा, बाकी काही करू नका.

दर रविवारी श्रेयाचा हॉस्टेलवरून फोन येतो. कसे आहात, जेवलात का, काही नाही. फोन उचलला की तिचा पहिला शब्द, "एकोणचाळीस?" मी म्हणतो, "नाही गं अजून." ती म्हणते, "बरं," आणि वहिनींशी बोलायला लागते. एकोणचाळीस नंबरची साईझ मी बघितली आहे. बाकीच्या फाईलींइतकीच आहे. म्हणजे ती आली तरी तिच्यावर गाणं आहे, मीच टाकलेलं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.